लघवी तुंबली असताना बायकांनी या चुका टाळा

‘थेंब थेंब होतेय ना, मग तुंबलेली कशी असेल?’ ही समजूत फार घातक आहे. मूत्राशय काठोकाठ भरलं की वरची लघवी आपोआप गळते, आतली तशीच राहते. बाईला वाटतं, आपल्याला लघवी धरवत नाही. ती पॅड लावते, पाणी कमी करते. कधी लघवी रोखणारी गोळी सुरू होते आणि तुंबणं आणखी वाढतं. धार बारीक झाली असेल, जाऊन आल्यावरही ओटीपोट जड वाटत असेल, जंतुसंसर्ग पुन्हापुन्हा होत असेल, तर नुसत्या अँटिबायोटिकवर थांबू नका. लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफी करून आत किती उरते ते मोजून घ्या.

लघवी अजिबातच होत नसेल तर जवाचं पाणी, धन्याचं पाणी पीत बसू नका. वाट मोकळी नसताना भर वाढते, ताणलेल्या स्नायूची ताकद जाते. पोट दाबून काढायचा प्रयत्नही नको. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. लघवी काढायची नळी (कॅथेटर) घालायला काही मिनिटं लागतात, आणि तिची ‘सवय लागते’ ही भीती खोटी आहे.

बाळंतिणीकडे विशेष लक्ष हवं. एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) घेतलं असेल, बाळ काढायला चिमटा लावला असेल किंवा कळा फार वेळ चालल्या असतील, तर मूत्राशय भरल्याची जाणीवच बोथट होते. प्रसूतीनंतर किंवा नळी काढल्यावर 6 तासांत लघवी झाली नाही तर सिस्टरना सांगा. सगळे बाळात गुंतलेले असतात. सोबतच्या बाईने आठवणीने विचारावं.

अंग बाहेर येत असेल, म्हणजे गर्भाशय किंवा योनीची भिंत खाली उतरत असेल, तर लाजेपोटी लपवू नका. ते बोटाने आत सारल्यावरच लघवी होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. योनीत आधाराची रिंग बसवून किंवा शस्त्रक्रियेने हा त्रास आटोक्यात येतो. गर्भाशयातल्या गाठी, बद्धकोष्ठ, जुना मधुमेह हीही कारणं असतात. सर्दीच्या काही गोळ्या, पोटातल्या कळांवरची डायसायक्लोमिन, नैराश्य किंवा नसांच्या दुखण्यावरची ॲमिट्रिप्टिलिन यांनीही लघवी अडते, म्हणून चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. मनाने काही बंद करू नका.

कंबरदुखीसोबत लघवी अडली आणि पाय लुळे पडू लागले किंवा मांड्यांमधली जागा बधिर झाली, तर तडक इमर्जन्सीत जा. मणक्यातल्या नसा दबल्या असतील तर उशीर परवडत नाही.

मूत्राशयाची ताकद परत येत नसेल तर दिवसातून काही वेळा स्वतःच स्वच्छ नळी घालून लघवी काढायला शिकवतात. सुरुवातीला आरसा लागतो, नंतर हात सरावतो.