रोज एक चित्र काढताना शाई आणि वॉटरकलर कसे शिकले

बऱ्याच जणांना चित्र काढायचं असतं, पण कुठून सुरू करायचं तेच कळत नाही, मग कुणीतरी सांगतं की महिनाभराचं चॅलेंज घे. मीही तशीच आले यात. सगळ्यात माहितीतलं चॅलेंज म्हणजे इंकटोबर, जेक पार्कर या चित्रकाराने २००९ मध्ये स्वतःचा शाईचा हात सुधारावा म्हणून सुरू केलेलं, ऑक्टोबरचे ३१ दिवस आणि रोज एक शाईचं चित्र. आता जुलैत वॉटरकलरचंही असतं, शंभर दिवसांचंही असतं, पण मूळ कल्पना तीच.

पहिल्या वर्षी मी एक मोठी चूक केली ती आधी सांगते, कारण नव्याने येणारे जवळपास सगळेच ती करतात. ३१ दिवसांत मी पेन्सिल, चारकोल, शाई, वॉटरकलर, पेस्टल सगळं वापरून बघितलं. वही भरली, बघायला छान वाटायचं, पण हात कशातच बसला नव्हता. आज शाई आणि उद्या चारकोल केलं की आजची चूक उद्या सुधारायला जागाच राहत नाही ना. म्हणून माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे, महिनाभर माध्यम एकच ठेवा. विषय बदला, नका बदलू, काही फरक पडत नाही. मी तर एकदा सलग सहा दिवस एकच काचेचा ग्लास काढला आणि त्या सहा दिवसांत जेवढं शिकले तेवढं आधीच्या अख्ख्या महिन्यात शिकले नव्हते.

दुसऱ्या वर्षी फक्त बुडवून वापरायची निब आणि इंडिया इंक ही गडद काळी शाई घेऊन बसले. पहिले दोन दिवस निब शाई धरेचना, थेंब घरंगळून जायचा आणि मला वाटायचं शाईच खराब आहे. नंतर कळलं की गंजू नये म्हणून नव्या निबला तेलकट थर लावलेला असतो, तो साबणाच्या पाण्याने पुसून काढायचा मग शाई नीट बसते. निबला दोन पाती असतात, दाब दिला की ती उघडतात आणि रेषा जाड होते, दाब काढला की बारीक. हे वाचून कळतं पण बोटांना कळायला आठवडा जातो. निब आपल्याकडे ओढायची, पुढे ढकलली की टोक कागदाच्या तंतूत अडकतं आणि शाई उडते, त्यामुळे वळणदार रेषा असेल तर मनगट पिळण्यापेक्षा कागद फिरवा. आणि एक महत्त्वाचं, इंडिया इंकमध्ये बहुतेक वेळा शेलॅक म्हणजे लाखेचा अंश असतो, ती वाळली की पाण्याने निघत नाही, म्हणून काम संपल्यावर निब लगेच धुवा आणि ही शाई फाउंटन पेनमध्ये चुकूनही भरू नका, पेन कायमचं चोंदतं.

वॉटरकलरच्या महिन्यात मात्र कागदाने मला रडवलं. साध्या स्केचबुकात पाणी पडलं की कागद लाटांसारखा फुगायचा, रंग भलतीकडे जाऊन साचायचा, आणि एकाच जागी दोनदा ब्रश फिरवला की कागदाच्या गोळ्या निघायच्या. मला वाटायचं माझाच हात वाईट. नवव्या दिवशी ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम, जाड) कॉटन कागद घेतला, पोस्टकार्डाएवढे तुकडे कापले आणि तोच हात, तेच रंग, एकदम वेगळं काम दिसलं. पैसे थोडेच असतील तर ते कागदावर घाला, रंग तीन-चार पुरतात. माझा तो महिना जवळजवळ अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) या दोघांवरच गेला, दोन्ही मिसळले की तपकिरीपासून थंड राखाडीपर्यंत आणि घट्ट घेतले तर जवळपास काळ्यापर्यंत छटा मिळतात. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसून जो दाणेदार पोत येतो तो मला अजूनही बघत बसावासा वाटतो.

पण वॉटरकलरमध्ये खरं शिकायचं असतं ते पाणी. बाराव्या दिवशी आकाश रंगवत होते, वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, छान बसला होता, एका कोपऱ्यात थोडा गडद रंग हवा म्हणून ओला ब्रश टेकवला आणि बघता बघता तिथे फुलकोबीसारखा कातरलेल्या कडांचा डाग पसरला. हे का होतं ते समजून घ्या. कागद अर्धा वाळलेला असतो, ब्रशमधलं जास्तीचं पाणी कमी ओल्या भागाकडे धावतं आणि जाताना रंगाचे कण ढकलत कडेला नेऊन सोडतं. तेव्हापासून मी कागद डोळ्यांच्या पातळीवर आणून तिरका बघायला लागले. चकचकीत पाणी दिसतंय तर रंग सोडा, आपसूक मिसळेल. चकाकी मंद झाली असेल तर ब्रश कागदापेक्षा कोरडा आणि रंग घट्ट असेल तरच हात लावा. चकाकी गेलीये पण हाताची मागची बाजू टेकवल्यावर कागद गार लागतोय, तर थांबाच, आतून ओला आहे. रोज चित्राच्या मागे मी एक ओळ लिहायचे, त्या दिवशीची होती "चकाकी मंद, ब्रश ओला, डाग". अशा ओळी साठल्या की आपली नेमकी चूक कुठली ते दिसतं. माझ्या तर अर्ध्याअधिक ओळी घाई केल्याच्याच होत्या.

ग्वाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, वापरणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा की फिके रंग वाळल्यावर थोडे गडद होतात आणि गडद रंग थोडे फिके, म्हणून आधी वेगळ्या तुकड्यावर लावून वाळू द्या. आणि ट्यूबवरचा पिगमेंट कोड, म्हणजे आत कुठलं रंगद्रव्य आहे ते सांगणारी खूण, बघायची सवय लावा, पीआर८३ म्हणजे खरं अ‍ॅलिझरिन क्रिमसन हा गडद लाल, दिसायला फार सुंदर पण उजेडात फिकं पडतं, भिंतीवर लावायच्या चित्रात नको.

दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन चित्रं काढून भरपाई करू नका, दोन्ही घाईत होतात, ३१ ऐवजी २२ झाली तरी चालतील. वेळ वीस मिनिटं ठेवा. फोटो रोज टाकायचं बंधन तर मी काढूनच टाकलं, कारण टाकायचं म्हटलं की जे येतं तेच काढलं जातं आणि जे येत नाही ते पुढे ढकललं जातं.

पहिल्या दिवशी तर चित्र काढूच नका. बसून कागदाचे तीस तुकडे कापा, मागे आकडे घाला, तीन-चार जास्तीचे तुकडे रंग तपासायला वेगळे ठेवा, पाण्याची दोन भांडी घ्या, एक ब्रश धुवायला आणि दुसरं स्वच्छ पाणी रंगात घ्यायला, आणि हे सगळं टेबलावर मांडूनच ठेवा. सामान काढण्यात दहा मिनिटं गेली की तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो, हे मी दोनदा अनुभवलंय.