कॉमिक्स की सिनेमा: सुपरहिरोंवर नीट भांडायचं कसं

सुपरहिरोंच्या सिनेमांवरचे बहुतेक वाद दहा मिनिटांत दोन वाक्यांवर येऊन अडकतात: ‘कॉमिकमध्ये असं नाहीये’ आणि ‘अरे, सिनेमा वेगळा असतो’. दोन्ही खरं आहे, म्हणूनच त्यातून काही सिद्ध होत नाही. बदल झाला का हा प्रश्नच फुकट आहे, कारण बदल होणारच. विचारायचं ते असं: ती गोष्ट कॉमिकमध्ये कथेचं कोणतं काम करत होती, आणि सिनेमात ते काम आता कोण करतंय? पण तिथवर पोचण्याआधी थोडी साफसफाई लागते.

आधी आवृत्ती पक्की करा

‘कॉमिकमधला बॅटमॅन’ असा कुणी एक नाही. १९३९ साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात आलेला बॅटमॅन एका गुन्हेगाराला ठोसा मारून ॲसिडच्या टाकीत पाडतो आणि त्याला त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. १९४०च्या ‘बॅटमॅन’ क्र. १मध्ये तो विमानातून ट्रकवर मशीनगन चालवतो. माणसं न मारण्याचा नियम त्यानंतर संपादकांनी घातला आणि पुढे तोच त्याचा स्वभाव होऊन बसला. त्यामुळे ‘बॅटमॅन कधीच मारत नाही, १९८९च्या सिनेमाने वाट लावली’ असं कुणी म्हटलं की समोरचा एक जुना पॅनेल (कॉमिकमधली चित्राची चौकट) दाखवतो आणि विषय संपतो. त्याऐवजी असं म्हणा: ‘नियम पक्का झाल्यानंतरच्या बॅटमॅनची ओळखच न मारण्यावर उभी आहे आणि १९८९चा सिनेमा ती वापरत नाही.’ वाक्य लांबलं, पण ते पाडायला समोरच्याला खरोखर कष्ट पडतील.

तोंड उघडण्याआधी तीन गोष्टी ठरवा: कॉमिकचं नाव आणि साल, ते कुठल्या विश्वातलं, आणि सिनेमाचा कुठला कट, म्हणजे कापून-जोडून तयार झालेली कुठली आवृत्ती. बॅटमॅन-सुपरमॅन छापणाऱ्या डीसीने १९८५-८६मध्ये आणि पुन्हा २०११मध्ये आपला इतिहास नव्याने मांडला. स्पायडरमॅनवाल्या मार्व्हलने २०००पासून ‘अल्टिमेट’ नावाचं वेगळं विश्व चालवलं. निक फ्युरी या मार्व्हलच्या हेरप्रमुखाचंच घ्या. ‘कॉमिकमधला फ्युरी गोरा होता, सिनेमाने बदलला’ हे अर्धंच खरं आहे. २००२च्या ‘द अल्टिमेट्स’मध्ये फ्युरी उघडउघड सॅम्युएल एल. जॅक्सनच्या चेहऱ्यावरून काढलेला होता आणि जॅक्सन त्या भूमिकेत पडद्यावर आला तो २००८मध्ये. म्हणजे इथे सिनेमाच कॉमिकशी इमानदार राहिला. फक्त वेगळ्या कॉमिकशी.

कटाची गोष्ट लोक हमखास विसरतात. ‘जस्टिस लीगमध्ये सायबॉर्गला (अर्धा माणूस, अर्धं यंत्र असलेल्या नायकाला) कामच नाही’ ही तक्रार २०१७च्या दोन तासांच्या आवृत्तीबद्दल रास्त आहे. २०२१ची चार तासांची आवृत्ती पाहिलेल्याला ती खुळचट वाटेल, कारण तिथे सायबॉर्ग आणि त्याचे वडील हाच कथेचा गाभा आहे. दोघं दोन वेगळे सिनेमे पाहून एकाच सिनेमावर भांडत असतात.

आता तक्रारीचा प्रकार ओळखा. काही गोष्टी तपासून मिटतात (अंक उघडा, बघा), काहींना दाखले लागतात, आणि काही निव्वळ आवडीनिवडी असतात. पोशाखाचा रंग खटकला हे तिसऱ्या खात्यात गेलं. त्यावर एक मिनिट द्या आणि पुढे सरका. सिनेमात वुल्व्हरिन झालेल्या ह्यू जॅकमनच्या उंचीवरून अजूनही वाद घालणारे भेटतात. कॉमिकमधला वुल्व्हरिन पाच फूट तीन इंचांचा आहे हे खरंच, पण त्या बुटकेपणाने कथेत काय साधत होतं हे सांगता येत नसेल तर ती तक्रार नाही, नुसती माहिती आहे.

काम कुणाकडे गेलं

पद्धत अशी. बदललेली गोष्ट एका वाक्यात लिहा. मूळ कॉमिकमध्ये ती काय काय साधत होती याची यादी करा. बहुतेक वेळा एकाहून जास्त कामं सापडतात. मग प्रत्येक कामापुढे सिनेमातला तो प्रसंग लिहा जिथे तेच काम दुसऱ्या मार्गाने होतं. प्रसंग सापडला नाही तर जागा रिकामी सोडा. वाद घालायचा तो या रिकाम्या जागांवर.

स्पायडरमॅनच्या जाळ्यावर हे करून बघू. १९६२च्या ‘अमेझिंग फँटसी’ क्र. १५पासून पीटर जाळं फेकायचं यंत्र स्वतः बनवतो. २००२च्या सिनेमात मात्र जाळं थेट मनगटातून निघतं. यंत्राची कामं दोन. एक, हा पोरगा मुळात हुशार आहे, कोळ्याने चावण्याआधीही होता, हे न सांगता कळतं. दोन, ऐन मारामारीत द्रवाची नळी संपते आणि नायकाला डोकं चालवावं लागतं.

दुसरं काम सिनेमाने सोडलेलं नाही. २००४च्या दुसऱ्या भागात पीटरचं मन थाऱ्यावर नसतं तेव्हा त्याचं जाळंच येईनासं होतं आणि तो उंचावरून खाली कोसळतो. नळी संपण्याच्या जागी हिंमत संपणं आलं. हे यंत्राने जमलं नसतं, कारण यंत्राला मन नसतं. पहिलं काम मात्र अर्धवट राहिलं: पीटर विज्ञानात हुशार आहे असं इतर पात्रं म्हणतात, पण त्या हुशारीने तो स्पायडरमॅन म्हणून काही घडवत नाही. तेव्हा ‘मनगटातलं जाळं चूक’ हे विधान कच्चं आणि ‘मनगटातल्या जाळ्याने पीटरची कारागिरी गेली आणि तिची भरपाई झाली नाही’ हे पक्कं. २०१७च्या सिनेमावरही हीच चाळणी लावून पाहा. तिथे जाळ्याचा द्रव पीटर शाळेच्या प्रयोगशाळेत स्वतः बनवतो, पण पोशाख टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, देतो. वस्तू कॉमिकसारखी आहे, काम मात्र अर्धं स्टार्ककडे गेलंय. याद्या जुळवत बसणाऱ्याच्या नजरेतून हे सुटतं.

उलट्या बाजूनेही तपासा: बदलाने नवा खड्डा पडला का? १९९१च्या ‘द इन्फिनिटी गाँटलेट’मध्ये थॅनोस अर्धं विश्व पुसून टाकतो ते साक्षात मृत्यूच्या, म्हणजे जिच्यावर तो भाळलाय तिच्या, मर्जीसाठी. २०१८च्या सिनेमात तो संसाधनं पुरत नाहीत म्हणून तेच करतो. फायदा मोठा झाला, कारण खलनायकाशी मुद्द्यावर वाद घालता येऊ लागला. पण मुद्दा आला की तो तपासलाही जातो: एवढी शक्ती हातात असताना संसाधनंच दुप्पट का केली नाहीत? कॉमिकमधल्या थॅनोसला हे कुणी विचारत नाही, कारण त्याला काही सोडवायचंच नव्हतं. हा खड्डा सिनेमाने स्वतः खणलाय, त्यामुळे त्याचा जाब सिनेमालाच विचारायचा. ‘कॉमिकमध्येही तो वेडाच होता’ हा बचाव इथे लागू होत नाही.

सगळ्यात जास्त घसा कोरडा होतो तो २०१३च्या ‘मॅन ऑफ स्टील’वर. सुपरमॅन झॉडची, म्हणजे त्याच्याच ग्रहावरच्या खलनायकाची, मान मोडतो. ‘सुपरमॅन मारत नाही’ म्हणणाऱ्याने १९८८चा ‘सुपरमॅन’ क्र. २२ वाचून ठेवावा: जॉन बर्न यांच्या त्या कथेत तो झॉडसह तिघा गुन्हेगारांना हिरव्या क्रिप्टोनाइटने (त्यांना मारक ठरणाऱ्या खनिजाने), शांत डोक्याने, शिक्षा म्हणून ठार करतो. सिनेमात निदान समोर एका कुटुंबाचा जीव टांगलेला आहे. म्हणजे मारलं यावरून सिनेमाला धरता येत नाही. धरायचं ते पुढच्यावरून. कॉमिकमध्ये त्या कृत्याचं ओझं पुढचे अनेक अंक चालतं. अपराधाच्या भावनेने तो अखेर पृथ्वी सोडून जातो. सिनेमात एक किंकाळी, मग थोड्याच वेळात पाळत ठेवणारं ड्रोन पाडून लष्करी अधिकाऱ्याशी हलकीफुलकी बोलाचाली. हत्येचं काम होतं नायकाला कायमचा बदलवण्याचं, आणि ते काम सिनेमात कुणीच उचललेलं नाही. आमच्या मते या सिनेमावरची ही सगळ्यात वजनदार तक्रार आहे आणि सगळ्यात कमी वेळा मांडली जाते.

पडद्यामागचं कारण

काही बदल कथेमुळे झालेलेच नसतात. क्विकसिल्व्हर हा विजेच्या वेगाने पळणारा नायक २०१४मध्ये फॉक्सच्या एक्स-मेन सिनेमात होता आणि २०१५मध्ये मार्व्हलच्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये, दोन वेगळे नट, दोन वेगळे भूतकाळ. हक्क वाटले गेले होते आणि ‘म्युटंट’ (जन्मजात शक्ती असलेले लोक) हे फॉक्सकडे होतं, म्हणून मार्व्हलच्या सिनेमाला त्याच्या शक्तीचं दुसरं कारण शोधावं लागलं. डिस्नेने फॉक्स घेतलं ते २०१९मध्ये. अशा बदलाबद्दल दिग्दर्शकाला शिव्या देण्यात अर्थ नाही. मात्र हे कारण निकाल म्हणून वापरू नका. बदल का झाला ते त्यातून कळतं, जमला की नाही ते कळत नाही.

‘सिव्हिल वॉर’चंही तसंच. २००६च्या कॉमिकमधला कायदा मुखवट्यामागची नावं सरकारला द्यायला लावतो, आणि स्पायडरमॅन जगासमोर मुखवटा काढतो तेव्हा पोटात गोळा येतो. सिनेमांच्या विश्वात टोनीने २००८मध्येच आपलं नाव जाहीर करून टाकलं होतं. तिथे लपवायला कुणाकडे फारसं काही उरलंच नव्हतं. म्हणून २०१६च्या सिनेमात भांडण नावांवरून सरकून कुणाच्या हुकमाने लढायचं यावर आलं. आधीच्या सिनेमांनी दारं बंद केली होती, हे लक्षात घेऊन बोला.

कोण जिंकेल?

हा वाद टाळता येत नाही, तर अटी घालूनच घ्या. कुठल्या सालचा कोण, जागा कुठली, तयारीला वेळ किती, जीव घेण्याची मुभा आहे का, आणि जिंकणं म्हणजे बेशुद्ध करणं की ठार मारणं. शेवटची अट सोडली तर अर्ध्या तासाने कळतं की दोघं दोन वेगळ्या लढती लढवत होते. १९३८चा सुपरमॅन उडत नव्हता, एक अष्टमांश मैल, म्हणजे साधारण २०० मीटर, उडी मारायचा. त्यामुळे साल न सांगता त्याचं नाव घेणं म्हणजे काहीच न सांगणं.

पुराव्याचा नियम एकच: एकदाच घडलेला पराक्रम धरू नका, वेगवेगळ्या लेखकांच्या हातून किमान तीनदा घडलेला धरा. लेखकाला गरज पडली की कुणीही ग्रह हलवतो. आणि थॉरचा हातोडा उचलणं ताकदीच्या खात्यात टाकू नका, ती पात्रतेची परीक्षा आहे. कॅप्टन अमेरिकाने तो २०१९च्या सिनेमाच्या कितीतरी आधी, १९८८च्या ‘थॉर’ क्र. ३९०मध्ये उचललाय. तेवढ्यावरून तो हल्कला लोळवेल असं होत नाही.

चारचौघांत बसून बोलताना

पाच-सहा जण पुरेत. आठच्या वर गेलं की दोघंच बोलतात. विधान एकच घ्या आणि ते सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवा, कारण विसाव्या मिनिटाला ते हमखास बदललेलं असतं. प्रत्येकाला तीन मिनिटं. उत्तर देण्याआधी समोरच्याचा मुद्दा त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडायचा. त्याने ‘हो, हेच’ म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. पहिल्यांदा कंटाळवाणं वाटतं, पण निम्मे वाद इथेच मिटतात.

फक्त सिनेमे पाहिलेल्याला ‘तू कॉमिक वाचलंच नाहीस’ म्हणून गप्प बसवू नका. सिनेमा स्वतःच्या पायावर उभा राहतो का, हे तोच नीट सांगू शकतो. वाचलेला माणूस गाळलेल्या जागा नकळत स्वतःच्या आठवणीने भरत असतो. न वाचलेल्याला दाखला द्यायचाच असेल तर सोळा अंकांची यादी पाठवू नका. एक अंक, शक्य असेल तर दोन पानं, आणि त्यात काय बघायचं ते सांगा. पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिच्या मृत्यूवर बोलताना १९७३चा ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ क्र. १२१ काढा आणि जाळं तिचे पाय पकडतं तो पॅनेल दाखवा: मानेपाशी ‘स्नॅप’ असा एवढासा आवाज लिहिलाय. मग २०१४च्या सिनेमातला घड्याळाच्या मनोऱ्यातला प्रसंग लावा. दोन्ही पाहून झाल्यावर विचारा की वाचवणाऱ्यानेच मारलं ही टोचणी कुठे जास्त लागते. आणि कॉमिकमध्ये तो पूल कुठला यावरून पैज लावू नका: मजकुरात जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज म्हटलंय, चित्र ब्रुकलिन ब्रिजसारखं आहे.