केप पात्रामागेच उडावी म्हणून

हुडिनी या थ्रीडी इफेक्ट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलमची, म्हणजे त्यातल्या कापडाच्या सिम्युलेशनची, केप. पात्र सरळ धावत होतं तोवर पॉप विंड या वाऱ्याच्या तयार नोडने भागलं. ते वळताच केप खांद्यावरून थेट तोंडावर! होणारच. वाऱ्याची दिशा जगाच्या अक्षांवर ठरलेली, पात्राचं तोंड कुठे आहे याच्याशी तिला काय देणंघेणं?

म्हणून दिशा पात्राकडूनच घेतली. पाठीच्या हाडाच्या ट्रान्सफॉर्ममधून (त्याची जागा आणि वळण) दर फ्रेमला मागची दिशा काढली, किंचित वर कलवली, नॉर्मलाइझ केली (लांबी एक केली) आणि पॉप रँगल या कोड लिहायच्या नोडमध्ये फोर्स अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, म्हणजे पॉइंटवरच्या जोरात, मिळवली. मिळवायचीच; नुसतं बरोबरचं चिन्ह (=) वापरलं तर आधीच्या पॉप नोडचा फोर्स पुसला जातो.

आता केप मागे गेली, पण फळीसारखी ताठ. सतत एकाच जोराने ढकललं की कापड ताणलेलंच राहतं. खरा वारा कापडाच्या वेगाच्या तुलनेत काम करतो. तेव्हा हव्या त्या वाऱ्याच्या वेगातून पॉइंटचा (कापडाच्या जाळीतल्या बिंदूचा) स्वतःचा वेग वजा केला आणि उरलेल्या फरकाला एका गुणकाने गुणलं. शिवाय वस्तुमानानेही गुणलं, नाहीतर हलके पॉइंट जास्त उसळतात. पॉइंटचा नॉर्मल (तिथल्या कापडाला लंब दिशा) आणि वाऱ्याची दिशा यांच्या डॉट प्रॉडक्टचं, म्हणजे दोन्ही किती जुळतात त्या आकड्याचं, केवल मूल्य (चिन्ह सोडून) गुणक म्हणून लावलं, तेव्हा कुठे घड्या दिसू लागल्या: वाऱ्याला आडवा भाग फुगतो, कडेने असलेला सुटतो.

वळणावरचा झटका उरला होता. दिशेची चॅनेल (फ्रेमगणिक बदलणारे तिचे आकडे) थोडी गुळगुळीत केली, गेला. नॉइज (वाऱ्यातला अनियमित चढउतार) मात्र सगळ्यात शेवटी टाका. आधी टाकलात तर दिशा चुकतेय की नॉइज, हेच कळत नाही.