चंद्राची अट घातली की सिक्वेन्स आठलाच संपतो? माझा अनुभव

फेब्रुवारीत, शुद्ध अष्टमीला सिक्वेन्स (रात्रभर दुर्बीण आणि कॅमेरा आपोआप चालवणारी सूचनांची यादी) लावून झोपलो. सकाळी बघतो तर दुर्बीण पार्क झालेली (म्हणजे काम संपवून ठरलेल्या जागी थांबलेली) आणि एम ५१ या दीर्घिकेची एकही फ्रेम, म्हणजे एकही फोटो नाही. लॉगमध्ये एरर नाही, फक्त ब्लॉक (सूचनांचा एक गट) वगळल्याची नोंद. चंद्रापासूनचं कोनीय अंतर ६० वरून ३० अंशांवर आणलं, अक्षांश-रेखांश तपासले, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. तीन स्वच्छ रात्री वाया गेल्या, जीव अगदी जळला.

शेवटी कारण कळलं: 'चंद्र क्षितिजाखाली असेपर्यंत' ही लूपची (त्याच सूचना पुन्हा पुन्हा करण्याची) अट वाट बघत नाही. ब्लॉकमध्ये शिरतानाच ती तपासली जाते. अष्टमीचा चंद्र मावळतो मध्यरात्रीच्या सुमारास, म्हणून आठ वाजता अट खोटी ठरली आणि अख्खा ब्लॉक उडाला.

आता क्रम असा: आधी रोझेट तेजोमेघाच्या, हायड्रोजन-अल्फा (हायड्रोजनचा लाल प्रकाश) फिल्टरमधून ५ मिनिटांच्या ४० फ्रेम, चंद्राची अट न घालता. ६५६.३ नॅनोमीटरच्या अरुंद फिल्टरला चंद्रप्रकाश फारसा नडत नाही. (ऑक्सिजन-३ चा फिल्टर इथे घालू नका, ५००.७ नॅनोमीटरला चंद्रप्रकाश चांगलाच जाणवतो.) मग स्वतंत्र सूचना: चंद्राची उंची ० अंशाखाली जाईपर्यंत थांब. त्यानंतरच एम ५१ कडे वळणं, प्लेट सॉल्व्ह (फोटोतल्या ताऱ्यांवरून दुर्बिणीची नेमकी दिशा ओळखणं), फोकस आणि एलआरजीबीचा (प्रकाशमान, लाल, हिरवा, निळा या फिल्टरांचा) लूप, पहाटे सूर्य उणे १८ अंशांवर, म्हणजे क्षितिजाखाली १८ अंशांवर येईपर्यंत. पार्कची सूचना सगळ्या ब्लॉक्सच्या बाहेर, शेवटी.