तडस न लागता थाळीवर ताव कसा मारायचा

पुण्यात अमर्यादित थाळीला बसलं की पोट भरल्यावरही हात थांबत नाही. याचं कारण हावरेपणा क्वचितच असतं, थाळीची मांडणीच तशी असते. एकच चव सलग खाल्ली की काही घासांत ती बोथट होते आणि खाणं आपोआप मंदावतं. थाळीत आमरसाच्या गोडावर डावीकडची चटणी येते, चटणीवर कोशिंबीर, मग गरम पुरी, की जीभ पुन्हा ताजीतवानी! त्यात पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण २० मिनिटं लागतात, आणि चपळ वाढपी तेवढ्यात तीन फेऱ्या करून गेलेला असतो.

तयारी सकाळीच करायची. दुपारी थाळी आहे म्हणून पैसे वसूल करायला उपाशी राहणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कडकडून भूक लागलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत ढोकळा, कोथिंबीर वडी आणि पुऱ्यांवरच पोट भरतो आणि ज्या पदार्थासाठी आला तो जडावलेल्या जिभेनं खातो. दहा-साडेदहाला बशीभर पोहे किंवा एखादं फळ आणि पेलाभर ताक घ्या. मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन चालू असेल त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण टाळू नये.

बसल्यावर पहिला घास घेण्याआधी आज गोड काय आहे आणि पुरीबरोबर पोळी किंवा फुलका आहे का ते विचारून घ्या. मग ठरवा, आज आपण कशासाठी आलोय? दोनच पदार्थ निवडा. समजा आमरस आणि अळूची भाजी. ते मनसोक्त खायचे, बाकीच्यांची चमचा-चमचा चव घ्यायची. फरसाणाचा एकच तुकडा. दुसरा हवासा वाटला तरी थांबा, कारण त्याची जागा रसातून कापली जाते.

वाढपी पातेलं कलंडवायच्या आत ‘अर्धी वाटी’ म्हणायचं. वाटीत पडल्यावर म्हणून काही उपयोग नसतो, मग टाकवत नाही म्हणून ते खाल्लं जातं. पुऱ्या एका वेळी दोनच घ्या. फुगलेली पुरी गरम असतानाच खरी. गार झाली की चिवट आणि तेलकट लागते, आणि ताटात चार साठल्या की शेवटच्या दोन नुसत्या संपवायच्या म्हणून खाल्ल्या जातात. दोन पुऱ्यांनंतर फुलक्यावर या. नको असेल तेव्हा ताटावर आडवा हात धरून ‘मागेन तेव्हा वाढा’ इतकं स्पष्ट सांगा. नुसतं ‘बास, बास’ हे पुण्यात नकार म्हणून कुणी धरत नाही.

आता रस. पहिला चमचा नुसता घ्या, काही न मिसळता. दुसऱ्यात थोडं तूप आणि चिमूटभर सुंठ. मग पुरीचा छोटा तुकडा, त्यावर रस, आणि तो पूर्ण गिळून झाल्याशिवाय पुढचा तुकडा तोडायचा नाही. मध्ये लक्ष द्या: आत्ताचा घास पहिल्यासारखा लागतोय का? तसा लागेनासा झाला की वाटी बाजूला सरकवा. इथेच चटणीचं बोट लावून रसाकडे परत वळण्याचा मोह होतो आणि इथूनच जास्तीचं खाणं सुरू होतं. श्रीखंड असेल तर आणखी जपून, त्यात साखर जवळपास चक्क्याइतकीच असते.

भाताची जागा आधीच राखून ठेवा. मसालेभात दोन मोठे चमचे किंवा ताकभात, दोन्ही नको.

घरच्या आणि लग्नाच्या पंगतीत आग्रह टळत नाही, आणि तो टाळूही नये. मावशी पुरणपोळी घेऊन येणारच. म्हणून पहिल्यांदा अर्धीच घ्या. ती दुसऱ्यांदा आली की हसत उरलेली अर्धी घेता येते, तिचा मान राहतो आणि हिशोब एका पोळीवर थांबतो. सुरुवातीलाच पूर्ण घेतली तर आग्रहाची पोळी ही दुसरी पोळी होते.

मिसळीचं गणित निराळं. तिथे घात करतात पाव आणि सॅम्पल, म्हणजे वरून मिळणारा रस्सा: रस्सा उरला म्हणून पाव, पाव उरला म्हणून पुन्हा सॅम्पल. स्लाइस असोत वा पाव, दोनच मागवा आणि ते संपले की रस्सा मागू नका. तर्री वर तरंगते, त्यामुळे पळीनं खालून रस्सा घेतला तर झणझणीतपणा राहतो आणि तेल बरंच कमी येतं. कांदा-लिंबू मात्र भरपूर घ्या.

जेवणावर मस्तानी नको. आटीव दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा म्हणजे ते एक स्वतंत्र खाणंच आहे. मस्तानीसाठी सदाशिव पेठेत जायचंच असेल तर संध्याकाळी जा आणि दोघांत एक ग्लास घ्या. बाकरवडीही पुड्यातून खायची नाही. चार बशीत काढा, पुड्याला रबर लावा आणि पुडा वरच्या फळीवर ठेवून मग चहाला बसा.

एवढं करूनही जेवण जास्त झालंच तर लगेच आडवं होऊ नका, त्यानं जळजळ वाढते. १०-१५ मिनिटं रमतगमत शतपावली घाला. रात्री प्रायश्चित्त म्हणून उपास करू नका, दुसऱ्या दिवशी तोच कडकडीत भुकेचा घोळ होतो. भूक लागली तर मुगाची मऊ खिचडी, नाहीच लागली तर पेलाभर ताक.