पंपाच्या चौकटीचा सांधा कंपनरोधक कसा करावा
पंप लोखंडी चौकटीवर थेट आवळला, तर त्याची कंपने सांध्यातून स्लॅबमध्ये उतरतात. म्हणून पंप आणि चौकट यांच्यामध्ये निओप्रीनची (एक कृत्रिम रबर) गादी बसवावी. चूक होते ती बहुधा बोल्टपाशी: बोल्ट दोन्ही धातूंना भिडलेला राहिला, तर कंपने गादीला वळसा घालून त्याच्यातूनच पलीकडे जातात आणि गादीचा खर्च वाया जातो. यासाठी पंपाच्या पायाचे छिद्र मोठे करून त्यात रबरी बुश (बोल्टभोवती बसणारी नळी) घालावे, नटाखाली रबरी आणि त्यावर पोलादी वॉशर ठेवावा. गादी बाजूंनी फुगेपर्यंत नट पिळू नये, कारण अति दबलेले रबर ताठ होऊन कंपन शोषत नाही. हलका आवळलेला नट मात्र हादऱ्यांनी सुटतो, विशेषतः बोल्टला आडव्या बसणाऱ्या, हे जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवले; तेव्हा नायलॉनची कडी असलेला नट वापरावा. पाइपाचा जोडही लवचीक हवा.