अ‍ॅम्प तापून बंद पडतोय? आधी स्पीकरचे डबे मोजा

गाणं रंगात आलं की स्पीकरला ताकद पुरवणारा अ‍ॅम्प गप्प होतो आणि थोडा गार झाला की आपोआप बोलायला लागतो. हा बहुधा बिघाड नसतो, आतलं थर्मल प्रोटेक्शन, म्हणजे फार तापलं की बंद करणारी सोय, त्याला वाचवत असतं. पहिला संशय जोडणीवर घ्या. ८ ओहमचे (ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या विरोधाचं माप) दोन स्पीकर समांतर जोडले की लोड ४ ओहम होतो, चार जोडले की २; आकडा जितका कमी तितका करंट जास्त. अ‍ॅम्पच्या पाठीवर ‘किमान ४ ओहम’ असं स्पष्ट छापलेलं असताना आपण हौसेनं आणखी दोन डबे लटकवतो. आवाजाचा नॉब तिथंच ठेवला तरी करंट दुप्पट, मग ट्रान्झिस्टर भाजणारच.

मग हवा. अ‍ॅम्प बसवलेल्या पेटीचं, म्हणजे रॅकचं, मागचं झाकण काढूनच वाजवायचं. पंख्यासमोर कागदाचा कपटा धरा: चिकटला तर हवा तिथून आत जाते, उडाला तर बाहेर पडते. दोन्ही बाजू मोकळ्या हव्यात. पावसाच्या धास्तीनं अ‍ॅम्पला ताडपत्रीत गुंडाळायचा पराक्रम मीही एकदा केलाय!

गणपती झाले की जाळीवर गुलालाचा थर बसलेला असतो. प्लग काढा आणि कोरड्या ब्रशनं झाडा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग जातं.